शुद्ध लोखंडाचे ओतकाम आणि चुंबकत्व

शुद्ध लोखंडाचे ओतकाम म्हणजे कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधक यांसारख्या अशुद्धी अत्यल्प प्रमाणात असलेले लोखंड वितळवून साच्यात ओतण्याची क्रिया होय. अशा लोखंडाचा मुख्य उपयोग विद्युतचुंबक व विद्युतयंत्रे यांच्या अंगातून चुंबकीय स्रोत, म्हणजे बलरेषांचा एकूण प्रवाह, वाहून नेण्यासाठी केला जातो. वितळताना लोखंडातील मूळचे चुंबकत्व पूर्णपणे नाहीसे होते. थंड झाल्यावर ते लोखंड पुन्हा चुंबकाकडे ओढले जाऊ लागते, परंतु स्वतः टिकाऊ चुंबक बनत नाही. त्याचा चुंबकीय दर्जा वितळण्याच्या क्रियेवर फारसा ठरत नाही. वितळलेल्या अवस्थेत त्यात काय मिसळले, साच्यात ते कसे गोठले आणि नंतर किती सावकाश निवले, यांवर तो ठरतो. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर १९२५ ते २०१६ या काळात एकदिश (डीसी) विद्युतप्रवाहावर धावलेल्या गाड्यांच्या मोटारी हे अल्प कार्बनाच्या ओतीव धातूच्या चुंबकीय उपयोगाचे एक परिचित उदाहरण आहे.

संज्ञा

बोलीभाषेत ‘लोखंड’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. धातुविज्ञानात मात्र त्यातील भेद महत्त्वाचे आहेत. झोतभट्टीतून निघणारे कच्चे लोखंड आणि त्यापासून ओतलेले बीड यांत साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो. पोलादात तो याहून पुष्कळ कमी, आणि चुंबकीय उपयोगाच्या शुद्ध लोखंडात टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. त्यामुळे ‘ओतीव लोखंड’ म्हटले की बहुधा बीडच अभिप्रेत असते आणि ते शुद्ध लोखंडापासून गुणधर्मांनी फार दूर असते. विद्यार्थ्यांच्या मनात होणारा बराचसा गोंधळ या एका शब्दातून उद्भवतो.

चुंबकाला संस्कृतात अयस्कान्त, म्हणजे लोखंडाला प्रिय असलेला, असे नाव आहे आणि मराठीतला ‘लोहचुंबक’ही त्याच भावाचा आहे. दोन्ही शब्द चुंबकाचे आणि लोखंडाचे नाते सांगतात. पण लोखंड स्वतः चुंबक होऊन राहते, असे त्यांतला कोणताही शब्द म्हणत नाही.

तापमान आणि चुंबकत्व

शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. त्याचे चुंबकत्व मात्र त्याच्या पुष्कळ आधी, ७७० अंशांना लोपते. पिएर क्यूरी यांनी १८९५ च्या सुमारास तापमान व चुंबकत्व यांचा जो पद्धतशीर अभ्यास केला, त्यावरून या तापमानाला क्यूरी तापमान असे नाव मिळाले. तापून लाल झालेले लोखंड चुंबकाकडे ओढले जात नाही, ही गोष्ट विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातच नोंदवली होती. आजही हा प्रयोग सहज करून पाहता येतो. चिमट्यात धरून लालभडक तापवलेला खिळा चुंबकाला दाद देत नाही. थोडा निवून त्याची लाली ओसरू लागली की तो ओढला जातो.

याचे कारण अणूंच्या पातळीवर आहे. लोखंडाचा प्रत्येक अणू सूक्ष्म चुंबकासारखा असतो आणि शेजारचे अणू एकमेकांना समांतर राहू पाहतात. असे समांतर अणू एकत्र असलेल्या भागास चुंबकीय प्रांत म्हणतात. ही कल्पना पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. साध्या लोखंडाच्या तुकड्यात असे अगणित प्रांत वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात, म्हणून बाहेरून पाहता तुकडा चुंबक वाटत नाही. जवळ चुंबक आणला की प्रांतांमधील सीमा सरकतात, अनुकूल दिशेचे प्रांत वाढतात आणि तुकडा ओढला जातो. ७७० अंशांच्या वर उष्णतेची खळबळ या समांतरतेवर मात करते आणि प्रांतच उरत नाहीत.

लोखंड गोठल्यापासून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत त्याच्या स्फटिकरचनेतही दोनदा बदल होतो. १,५३८ ते १,३९४ अंशांच्या दरम्यान अणूंची मांडणी घनाचे कोपरे व मध्य अशी असते. १,३९४ ते ९१२ अंशांपर्यंत ती घनाचे कोपरे व पृष्ठमध्य अशी होते, आणि ९१२ अंशांखाली पुन्हा पहिल्यासारखी होते. ९१२ ते ७७० या पट्ट्यात रचना नेहमीची, पण चुंबकत्व नाही, अशी स्थिती असते. म्हणून जुन्या ग्रंथांत या पट्ट्यातील लोखंडाला ‘बीटा लोह’ असे वेगळे नाव दिलेले आढळते. रचना तीच असल्याने ते नाव पुढे मागे पडले.

ओततानाच चुंबक बनवता येईल का?

वितळलेले लोखंड प्रबळ चुंबकाच्या सान्निध्यात गोठवले, तर ते कायमचा चुंबक बनेल, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. लोखंड गोठते त्या वेळी ते क्यूरी तापमानाच्या सुमारे ७६८ अंश वर असते. त्या क्षणी बाहेरचे क्षेत्र कितीही प्रबळ असले, तरी अणूंना त्या दिशेत बांधून ठेवण्याची शक्ती धातूत नसते. जो काही परिणाम व्हायचा तो घन तुकडा ७७० अंशांखाली उतरताना होतो. म्हणजे त्यासाठी लोखंड वितळवण्याची गरजच नाही. तापवून निववणे पुरेसे आहे. गिल्बर्ट यांनी उत्तर-दक्षिण ठेवून घडवलेल्या व निववलेल्या सळईत पृथ्वीच्या क्षेत्रामुळे क्षीण चुंबकत्व येते, असे दाखवले होते, ते याच प्रकारचे आहे.

शुद्ध लोखंडात हेही चुंबकत्व टिकत नाही. त्यातील प्रांतांच्या सीमा इतक्या सहज सरकतात की किरकोळ विरुद्ध क्षेत्र, धक्का किंवा तुकड्याच्या स्वतःच्या ध्रुवांचा उलटा परिणाम एवढ्यानेही ते विस्कटते. तुकडा आखूड व जाड असेल तर हा उलटा परिणाम अधिकच तीव्र असतो. चुंबकत्व टिकवायचे तर सीमांना अडवणारे काहीतरी धातूत असावे लागते. म्हणून टिकाऊ चुंबकांसाठी कठीण पोलाद आणि पुढे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोखंड यांची ‘अल्निको’ ही मिश्रधातू वापरात आली. अल्निको चुंबक बहुधा ओतून करतात, परंतु त्याचे सामर्थ्य ओतल्यानंतर चुंबकीय क्षेत्रात केलेल्या उष्णतासंस्कारातून येते.

महाराष्ट्राचा काळा पाषाण या भेदाचे मोठे नैसर्गिक उदाहरण आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून तो बनला. त्यातील मॅग्नेटाइट वर्गाच्या खनिजांचे क्यूरी तापमान कमाल सुमारे ५८० अंश असल्याने लाव्हा घट्ट झाल्यानंतरच, तो निवत असताना, त्यांत त्या काळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा उमटली. बारीक व अशुद्ध कणांमुळे ती आजवर टिकली आहे. १९५० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी आणि नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी या पाषाणाची मोजमापे घेतली. लाव्हा पसरला तेव्हा भारताचा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता, हा निष्कर्ष अशा मापनांतून निघाला. सह्याद्रीतल्या खडकाने जे जपले, ते शुद्ध लोखंडाच्या गोळ्याने एक दिवसही जपले नसते.

वितळवण्याची क्रिया

प्राचीन लोहारांनी लोखंड काढले ते न वितळवता. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे महापाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली आहे. अशा भट्ट्यांमध्ये खनिजातील ऑक्सिजन कोळशाने हिरावून घेतला जाई; मळी वितळे, पण लोखंड सच्छिद्र गोळ्याच्या रूपात घनच राही. तो गोळा तापवून व ठोकून मळी बाहेर काढीत. दिल्लीचा लोहस्तंभही असाच तप्त गोळे ठोकून जोडलेला आहे, ओतलेला नाही.

बीड ओतणे त्या मानाने सोपे, कारण ४.३ टक्के कार्बन असलेले लोखंड १,१४७ अंशांनाच वितळते. कार्बन काढून टाकला की द्रवणांक जवळजवळ चारशे अंशांनी चढतो. शुद्ध लोखंड ओतण्यासाठी द्रव १,६०० अंशांच्या आसपास न्यावा लागतो आणि त्या तापमानाला भट्टीचे अस्तर, मूस व साचा यांपैकी प्रत्येक वस्तू धातूला दूषित करू शकते. ग्रॅफाइटच्या मुशीत हे लोखंड वितळवणे म्हणजे शुद्धीवर पाणी सोडणे होय, कारण द्रव लोखंड कार्बन झपाट्याने विरघळवते. म्हणून मॅग्नेशिया किंवा ॲल्युमिना यांचे अस्तर वापरतात. हवा लागली तर ऑक्सिजन व नायट्रोजन मिसळतात; ते टाळण्यासाठी उत्तम दर्जाचे लोखंड निर्वात भट्टीत वितळवतात.

कोल्हापूरच्या ओतशाळांमध्ये दिसणारी प्रवर्तन भट्टी चुंबकत्वावरच चालते. वेटोळ्यातील प्रत्यावर्ती (एसी) प्रवाहामुळे भट्टीतील धातूत प्रवाह निर्माण होतात आणि तो तापतो. भरलेला माल ७७० अंशांखाली असताना तो बलरेषा स्वतःकडे ओढून घेतो; त्या मर्यादेपलीकडे गेल्यावर हा लाभ संपतो आणि उरलेली सर्व तापवणूक केवळ त्या प्रवाहांवर होते. द्रव लोखंड चुंबकाकडे ओढले जात नसले, तरी त्यातून वीज वाहते, म्हणून ते भट्टीत आपोआप ढवळले जाते. ‘चुंबकीय नसलेल्या’ पदार्थावरही चुंबकाचा परिणाम कसा होतो, हे यात प्रत्यक्ष पाहायला मिळते.

भट्टीत काय घालायचे हाही कळीचा प्रश्न आहे. कार्बन, सिलिकॉन, मँगनीज हे घटक ऑक्सिजनच्या साहाय्याने जाळून मळीत घालवता येतात. तांबे तसे जात नाही, कारण ते लोखंडाहून अनिच्छेने ऑक्सिजनशी संयोग पावते. त्यामुळे जहाजतोडणीच्या किंवा मोटारींच्या मिश्र भंगारातून शुद्ध लोखंड मिळवणे व्यवहार्य ठरत नाही. सुरुवातीचा माल निवडूनच घ्यावा लागतो. उत्तम दर्जासाठी विद्युतविच्छेदनाने मिळवलेले लोखंड वापरतात.

साचा आणि घनीभवन

कार्बन जाळताना द्रवात ऑक्सिजन शिल्लक राहतो. गोठताना तो उरल्यासुरल्या कार्बनाशी संयोग पावून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि ओतीव वस्तूत पोकळ्या पडतात. त्या टाळण्यासाठी ओतण्यापूर्वी थोडे ॲल्युमिनियम किंवा सिलिकॉन घालून ऑक्सिजन बांधून टाकतात. हायड्रोजनही द्रवापेक्षा घन लोखंडात कमी विरघळतो व गोठताना बाहेर पडून भोके पाडतो. साचा ओला असेल तर हा दोष हटकून येतो. प्रत्येक पोकळी बलरेषांच्या वाटेतील हवेची फट असते, आणि चुंबकीय दृष्टीने हवा हा लोखंडाच्या तुलनेत फार मोठा अडथळा आहे. यंत्राच्या पायासाठी चालून जाणारी वस्तू चुंबकाच्या अंगासाठी नापास होऊ शकते, ती यामुळे.

साध्या सिलिका वाळूचा साचा इथे अडचणीचा ठरतो. लोखंडाचे ऑक्साइड वाळूशी संयोग पावून सुमारे १,२०० अंशांना वितळणारे सिलिकेट बनते आणि वाळू पृष्ठभागाला चिकटून बसते. झिरकॉनसारख्या उष्णतारोधक द्रव्याचा लेप लावून हे टाळतात. बीडात गोठताना ग्रॅफाइट वेगळे होऊन आकारमान काहीसे भरून निघते. शुद्ध लोखंडात तशी भरपाई नसल्याने आकुंचन अधिक होते आणि ते भरून काढणारे द्रवाचे साठे साच्यात ठेवावे लागतात.

घनीभवनाच्या वेळी साच्याच्या भिंतीपासून आत स्तंभासारखे स्फटिक वाढतात. त्यांची वाढ घनाच्या कडेच्या दिशेने होते आणि लोखंड नेमके त्याच दिशेने सर्वांत सहज चुंबकित होते. हा योगायोग फायद्याचा वाटतो, पण शुद्ध लोखंडात तो हाती लागत नाही, कारण १,३९४ व ९१२ अंशांवरील रचनाबदलांत स्फटिकांची मूळ मांडणी बरीचशी मोडते. सुमारे अडीच टक्क्यांहून अधिक सिलिकॉन घातल्यास मधली रचना उद्‌भवतच नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यात सिलिकॉन घालण्याचे हे एक कारण आहे.

अशुद्धी आणि अनुशीतन

खोलीच्या तापमानाला लोखंडाची चुंबकत्वाची कमाल मर्यादा, म्हणजे संपृक्तता, सुमारे २.१५ टेस्ला आहे. अल्प अशुद्धींनी ही मर्यादा फारशी बदलत नाही. बदलते ती तिथवर पोचण्याची सुलभता. ०.२ टक्के अशुद्धी असलेल्या साध्या लोखंडाची कमाल पार्यता, म्हणजे निर्वातापेक्षा किती पट सहजपणे बलरेषा त्यातून जातात ते प्रमाण, सुमारे ५,००० असते. अशुद्धी ०.०५ टक्क्यांवर आणून हायड्रोजनमध्ये संस्कार केलेल्या लोखंडात ते सुमारे २,००,००० पर्यंत जाते. चुंबकत्व पुसून टाकण्यासाठी लागणारे उलटे क्षेत्र पहिल्यात दर मीटरला सुमारे ८० अँपियर, तर दुसऱ्यात अवघे ४ अँपियर असते. टक्क्याच्या एका अंशाने चाळीस पटींचा फरक पडावा, असे गुणधर्म धातुविज्ञानातही विरळा आहेत.

कार्बन व नायट्रोजन यांचे अणू लहान असल्याने ते लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत शिरतात, रचनेवर ताण आणतात आणि कालांतराने सूक्ष्म कणांच्या रूपाने वेगळे होऊन प्रांतांच्या सीमा अडवतात. त्यामुळे नवे असताना उत्तम असलेले लोखंड काही महिन्यांनी किंवा वर्षांनी बिघडू शकते. यास चुंबकीय जरण म्हणतात. ट्रिग्व्ही येन्सेन यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात विद्युतविच्छेदित लोखंड निर्वातात वितळवून १९१४ च्या सुमारास दाखवले की, पूर्वी लोखंडाचा स्वभाव समजले गेलेले दोष बव्हंशी अशुद्धींचे होते. पुढे १९३० च्या दशकात पॉल चॉफी यांनी बेल प्रयोगशाळेत द्रवणांकाच्या जवळ हायड्रोजनमध्ये लोखंड कित्येक तास तापवून पार्यता आणखी उंचावली.

ओतीव वस्तू साच्यातून काढल्यावर तिच्यात असमान निवण्याचे ताण असतात. तिचे अनुशीतन करतात, म्हणजे ती बहुधा ९१२ अंशांच्या खाली, ८०० ते ९०० अंशांच्या दरम्यान पुरेसा वेळ ठेवून सावकाश निववतात. ताण निघतात आणि कण मोठे होतात. कण मोठे म्हणजे सीमा कमी व अडथळेही कमी. त्यानंतर वस्तू ठोकली, वाकवली किंवा जोराने कापली, तर मिळवलेले बरेचसे जाते. म्हणून अनुशीतन शेवटच्या टप्प्यात करणे इष्ट असते.

मुंबईची उपनगरी रेल्वे

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर भारतातील पहिली विजेची गाडी धावली. ५ जानेवारी १९२८ पासून बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या कुलाबा–बोरिवली मार्गावरही विजेच्या गाड्या सुरू झाल्या. हा मार्ग माहीमवरून जातो आणि हार्बर मार्गाची वांद्र्याकडील शाखाही माहीम स्थानकात येते. या सर्व मार्गांवर १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता.

एकदिश प्रवाहाच्या मोटारीची बाह्य चौकट केवळ आवरण नसते. ध्रुवांमधून निघालेला चुंबकीय स्रोत तिच्यातूनच फिरून परत येतो. लहान व स्थिर यंत्रांत ती बिडाची चालते, पण बिडातील ग्रॅफाइटचे पापुद्रे अचुंबकीय असल्याने तेवढाच स्रोत नेण्यासाठी जवळजवळ दुप्पट छेद लागतो. गाडीच्या चाकांमध्ये, आसाला टेकून बसवायच्या मोटारीला एवढी जागाही नसते आणि एवढे वजनही परवडत नाही. म्हणून अशा मोटारींची चौकट सामान्यतः अल्प कार्बनाच्या, अनुशीतन केलेल्या ओतीव पोलादाची असे. प्रयोगशाळेतल्या अर्थाने ते शुद्ध लोखंड नव्हे. पण ताकद, किंमत आणि चुंबकीय गुण यांची सांगड घालताना कारखान्याला शुद्धतेच्या जितके जवळ जाणे परवडते, तितके ते जवळ होते.

अखंड ओतीव चौकट चालली, कारण तिच्यातील स्रोत जवळजवळ स्थिर असे. स्रोत सतत उलटसुलट होत असेल, तर अखंड लोखंडात भोवरी प्रवाह उत्पन्न होऊन ते तापते. याच मोटारीतील फिरणाऱ्या भागात स्रोताची दिशा सारखी बदलते, म्हणून तो भाग पातळ, एकमेकांपासून विलग केलेल्या पत्र्यांचाच असे. लोखंड जितके शुद्ध, तितका त्याचा विद्युतरोध कमी आणि भोवरी प्रवाह अधिक. त्यामुळे प्रत्यावर्ती क्षेत्रात शुद्धता हाच दोष ठरतो आणि सिलिकॉन मिसळून रोध वाढवावा लागतो. बॅरेट, ब्राउन व हॅडफील्ड यांनी १९०० मध्ये सिलिकॉनयुक्त लोखंडाचे गुण प्रसिद्ध केले, तेव्हापासून ट्रान्सफॉर्मरमधून साधे लोखंड हळूहळू हद्दपार झाले.

पश्चिम मार्गावरील एकदिश प्रवाह फेब्रुवारी २०१२ मध्ये, तर हार्बर मार्गावरील एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. त्यांच्या जागी २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. नव्या गाड्यांत त्रिकला मोटारी असून त्यांचा चुंबकीय स्रोत पत्र्यांच्या गाभ्यातून वाहतो. ओतीव अंगाकडे केवळ आधाराचे काम उरले आहे.

कुलाबा व अलिबाग वेधशाळा

विजेच्या वाहनांचा चुंबकीय परिणाम मुंबईने रेल्वेच्याही आधी अनुभवला. कुलाबा येथील वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे होत होती. शहरात विजेच्या ट्रॅम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहामुळे ही मापने निरुपयोगी होतील, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुनी व नवी नोंद जोडून घेतली गेली, आणि मगच कुलाब्याची मापने थांबली. ट्रॅम १९०७ मध्ये सुरू झाली.

अलिबागच्या मापनगृहासाठी पोरबंदरचा अचुंबकीय दगड वापरला असून लोखंडाऐवजी तांबे, पितळ यांसारखे धातू योजले आहेत. साधा लोखंडी खिळाही तिथे चालत नाही. तो चुंबक असतो म्हणून नव्हे. तो मृदू लोखंडाचा असला तरी पृथ्वीच्या बलरेषा स्वतःकडे वळवतो आणि मोजायचे क्षेत्रच बदलून टाकतो. मोटारीच्या चौकटीत ज्या गुणासाठी लोखंड निवडले जाते, त्याच गुणामुळे या इमारतीत त्याला प्रवेश नाही. अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अखत्यारीत असून तेथील वेध अजूनही चालू आहेत.